नाव मोठं, बस छोटी

मराठी घरात ग्राफिक्स कार्ड गेमसाठी कधीच घेतलं जात नाही. ते ऑटोकॅडसाठी घेतात, व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतात आणि अलीकडे 'एआय शिकायचंय' म्हणून घेतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा रात्री ताटावर हा विषय काढतो, तेव्हा 'प्रोजेक्ट' हा शब्द दर वाक्याला येतो आणि 'जीटीए' चुकूनही येत नाही. वडील आमटीचा भुरका मारतात आणि विचारतात, "आत्ता काय स्क्रीनवर दिसत नाही का?"

प्रश्न अडाणीपणाचा वाटतो, पण तो अगदी नेमका आहे. स्वस्त कार्डाची पारख करायला बसलेल्या प्रत्येकानं पहिल्यांदा हाच विचारायला हवा. २०२१ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्सची सोय आहे. सेटिंग खाली ठेवलं तर त्यावर व्हॅलोरंट फुल एचडीत साठ फ्रेम्सच्या वर आरामात पळतो. म्हणजे ज्याला रोज संध्याकाळी मित्रांबरोबर तेवढंच खेळायचंय, त्याला कार्डाची गरजच नाही. ही माहिती मुलाला असते. ती ताटावर सांगितली जात नाही, एवढंच.

पुढचा मुद्दा पैशांचा. घरातून मंजूर झालेली रक्कम वीस-पंचवीस हजारांपाशी थांबते आणि मुलाच्या मनातली रक्कम तीसच्या पुढे सुरू होते. मधली तफावत आजी भरून काढते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

आजीचंही काही दिवसांनी चालणार नाही अशी चिन्हं आहेत, कारण कंपन्यांची 'स्वस्त' म्हणवणारी पायरी वर सरकत चालली आहे. २०१४ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय १४९ डॉलरला आलं. २०१६ मध्ये १०५० टीआय १३९ डॉलरला आणि २०१९ मध्ये १६५० पुन्हा १४९ डॉलरला. पाच वर्षं तळाची पायरी जागची हलली नव्हती. मग २०२२ उजाडलं आणि आरटीएक्स ३०५० आलं ते थेट २४९ डॉलरला. त्यानंतरच्या ४० मालिकेत तर डेस्कटॉपसाठी ५० नंबरचं कार्ड काढलंच नाही. तिथली सर्वांत खालची पायरी म्हणजे २०२३ चं ४०६०, किंमत २९९ डॉलर. गरिबांसाठी योजना बंद झाल्याचं कुणी जाहीर केलं नाही. नुसता फॉर्म मिळेनासा झाला.

त्यात आपला हिशेब वेगळा. २४९ डॉलरचं कार्ड घेऊ. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर २१,१६५ रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी चढला की २४,९७५. हा झाला कागदावरचा आकडा. आयात करणारा, वितरक आणि दुकानदार या तिघांनाही आपापलं घर चालवायचं असतं, ते यात अजून आलेले नाहीत. त्यामुळे अमेरिकेतला समीक्षक एखाद्या कार्डाला 'या किमतीत तोड नाही' म्हणतो, तेव्हा भारतातल्या वाचकानं 'या किमतीत' हे दोन शब्द वगळून पुढचं वाचावं.

आणि तरी हीच कार्डं जग चालवतात. स्टीम या गेमांच्या दुकानाकडून दर महिन्याला खेळाडूंच्या संगणकांचं सर्वेक्षण होतं. त्यात जीटीएक्स १०६० वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर ठाण मांडून होतं आणि २०२२ च्या अखेरीस त्याला खाली खेचलं ते जीटीएक्स १६५० नं, म्हणजे त्याहूनही स्वस्त कार्डानं. यूट्यूबवर ज्यांच्या आरत्या चालतात ती लाख-दीड लाखांची कार्डं या यादीत बरीच खाली सापडतात. चर्चा त्यांची, संसार यांचा.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळू. खोक्यावर एक ड्रॅगन किंवा चिलखतवाला योद्धा असतो, खाली भला मोठा नंबर असतो. ग्राहक नंबर वाचतो आणि समजतो की कार्ड कळलं. इथेच घोळ सुरू होतो, कारण या धंद्यात एकाच नंबराखाली दोन वेगळी माणसं राहतात.

२०१७ मध्ये एनव्हिडियानं जीटी १०३० नावाचं छोटं, गुणी कार्ड काढलं. त्यात जीडीडीआर५ जातीची मेमरी होती आणि चिप ते मेमरी या वाटेवर सेकंदाला ४८ जीबी माहिती धावायची. पुढच्या वर्षी तेच नाव लावून साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात उतरलं. त्यात ही धाव १७ जीबीच्याही खाली. बऱ्याच गेम्समध्ये फ्रेम्स निम्म्याच्या आसपास उतरल्या. खोका तसाच, नाव तेच; फरक कोपऱ्यातल्या एका बारीक ओळीत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण इथे तर दोन सोनूबाई एकाच फळीवर शेजारी बसलेल्या.

तळाच्या कार्डापुरतीच ही खोड असती तर सोडून दिलं असतं. जीटीएक्स १०६० चीही ३ जीबी आणि ६ जीबी अशी दोन रूपं होती. ग्राहकाला वाटे, फरक तेवढ्या मेमरीचाच. आत पाहावं तर ६ जीबीवाल्यात १२८० कोअर आणि ३ जीबीवाल्यात ११५२. आरटीएक्स ३०५० ची कथाही तीच. ८ जीबीचं मूळ कार्ड २५६० कोअरचं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं २३०४ कोअरचं, वर त्याची मेमरी बसही अरुंद. ही बस एसटी महामंडळाची नव्हे. चिप आणि मेमरी यांच्यात एका वेळी किती बिट ये-जा करतात त्याचं ते माप. मूळ कार्डात १२८ बिट, धाकट्यात ९६. दुकानात दोघांनाही हाक मारायची ती 'तीस-पन्नास' अशीच.

२०२२ च्या ऑक्टोबरात या नावांच्या खेळाचा एक सुरस प्रयोग झाला. एनव्हिडियानं आरटीएक्स ४०८० ची दोन रूपं जाहीर केली होती, १६ जीबी आणि १२ जीबी. १२ जीबीवाल्याची किंमत ८९९ डॉलर आणि आतली चिप मात्र वेगळी, लहान. जगभर बोंब झाली. इतकी, की कंपनीनं जाहीर केलेलं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं आणि काही महिन्यांनी ४०७० टीआय असं नवं बारसं करून ७९९ डॉलरला आणलं. त्याच सुमारास आरटीएक्स ३०६० चं ८ जीबीचं रूप गुपचूप बाजारात आलं. १२ जीबीच्या मूळ कार्डात मेमरीची धाव सेकंदाला ३६० जीबी होती, यात २४०. नाव तेच, ३०६०. ते कुणी मागे घेतलं नाही. नऊशे डॉलरवाल्याची तक्रार ऐकू गेली, तीनशेवाल्याची गेली नाही. स्वस्त कार्ड घेणाऱ्यानं खोक्याची मागची बाजू आधी वाचावी असं म्हणतात, ते या अनुभवातून.

एनव्हिडियाच्या नावानं बोटं मोडून झाल्यावर एएमडीकडे जावं, तर तिथे आरएक्स ६५०० एक्सटी भेटतं. जानेवारी २०२२. कार्डांचा दुष्काळ होता आणि १९९ डॉलरला नवं कार्ड येणार म्हणून लोक डोळे लावून बसले होते. कार्ड आलं. मेमरी ४ जीबी, बस ६४ बिट. व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी लागणारा एन्कोडर गायब. आणि मदरबोर्डशी बोलण्यासाठी नेहमीच्या आठ-सोळा लेनऐवजी फक्त चार. पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी असलेल्या नव्या मदरबोर्डवर चार लेन कशाबशा पुरतात. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर वेग निम्मा होतो आणि कार्ड गुडघे टेकतं. आता दोनशे डॉलरचं कार्ड घ्यायला येणार कोण? ज्याचा मदरबोर्ड जुना आहे तोच. म्हणजे ज्याच्यासाठी बनवलं, नेमकं त्याच्याकडे ते नीट चालायचं नाही. यावर कडी म्हणजे याच कंपनीनं २०२० मध्ये, आपली ८ जीबीची कार्डं खपवायची असताना, आजच्या गेम्सना ४ जीबी पुरत नाही असा लेख स्वतःच्याच संकेतस्थळावर छापला होता. ६५०० एक्सटी आलं त्या सुमारास तो लेख काही काळ दिसेनासा झाला. लोकांनी हटकल्यावर परत आला.

मेमरीचा हा वाद आता ४ जीबीवरून ८ जीबीवर येऊन थांबलाय. गेममधली भिंत, गवत, नायकाच्या कोटाची शिवण या सगळ्यांची चित्रं कार्डाच्या मेमरीत साठवावी लागतात. तिथे जागा संपली की माहिती संगणकाच्या साध्या रॅमकडे जाते-येते. ती वाट संथ, आणि गेम अटकतो. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'नं ८ जीबीच्या कार्डांना चांगलाच घाम फोडला. पुढच्या दुरुस्त्यांनी तो सावरला, पण दवंडी पिटली गेली होती. तरीही २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आलं ते ८ जीबी ३७९ डॉलर आणि १६ जीबी ४२९ डॉलर अशा जोडीनं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आलं ते ८ जीबी २९९ आणि १६ जीबी ३४९ असं. दोन्हीकडे अंतर पन्नास डॉलरचं. दोन्हीकडे नाव एकच, याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

इतकं समजून घेतल्यावर ग्राहक परीक्षणांकडे जातो. तिथे आलेखांच्या काड्या असतात. एका कार्डाची काडी ६२ वर, दुसऱ्याची ६५ वर, आणि त्या तीन फ्रेम्सवरून खालच्या प्रतिक्रियांत कुळं उद्धरली जात असतात. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. डोळ्याला ६२ आणि ६५ मधला फरक कळत नाही. कळतो तो अचानक बसलेला धक्का, आणि तो सरासरीत लपतो. मुंबईहून कोकणात निघालेली गाडी सरासरी ताशी ४५ नं पोचली असं सांगितलं, तर ती माणगावात दीड तास उभी होती हे कुठे कळतं? म्हणून जाणकार 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा बघतात: सर्वांत वाईट एक टक्का फ्रेम्सचा हिशेब. स्वस्त कार्डाची खरी परीक्षा तिथे होते. सरासरी ७० आणि वन पर्सेंट लो २५ असेल, तर शत्रू समोर आला की नेमका माणगाव लागणार.

त्यातून आता फ्रेम जनरेशन आलंय. २०२२ पासून एनव्हिडियाची नवी कार्डं दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक स्वतःच रचलेली फ्रेम घुसवतात. २०२५ च्या ५० मालिकेत हा प्रकार एका खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या इथपर्यंत पोचला. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास वेगासच्या मंचावरून ५४९ डॉलरचं ५०७० हे मागच्या पिढीतल्या ४०९० च्या तोडीचं असल्याचं सांगितलं, ते याच जोरावर. चारांतल्या तीन फ्रेम्स अंदाजपंचे दाहोदरसे. चित्र गुळगुळीत दिसतं यात शंका नाही, पण बटण दाबल्यावर गोळी सुटायला लागणारा वेळ त्यानं कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. आणि मुळात फ्रेम्स पुरेशा नसतील तर रचलेल्या फ्रेम्स कशावर रचायच्या? कमी ताकदीच्या कार्डाला ज्या जादूची सर्वांत जास्त गरज, ती जादू ताकदीच्या कार्डावरच बरी चालते. याउलट डीएलएसएस किंवा एफएसआर वापरून कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं हा प्रकार स्वस्त कार्डांना खरोखर तारतो, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

परीक्षणं करणारे आपलं काम चोख करतात. कार्डाचीच ताकद मोजता यावी म्हणून ते बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर लावतात. पद्धत बरोबर आहे. पण पंचवीस हजारांचं कार्ड घेणाऱ्याकडे चाळीस हजारांचा प्रोसेसर असता, तर तो पंचवीस हजारांचं कार्ड घ्यायला आला असता का? इंटेलच्या आर्क बी५८० ची गंमत इथेच झाली. डिसेंबर २०२४, किंमत २४९ डॉलर, १२ जीबी मेमरी, १९२ बिटांची बस. कित्येक वर्षांनी कुणीतरी स्वस्त कार्डावर हात सैल सोडला म्हणून कौतुकाची लाट आली. महिनाभरात काहींनी तेच कार्ड जुन्या, साध्या प्रोसेसरांबरोबर लावून पाहिलं, तर काही गेम्समध्ये फ्रेम्स धाडकन खाली. या कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. शिवाय रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डवर असावी लागते, नाहीतर आर्क रुसतं. कार्ड गुणी आहे, फक्त त्याला सासर नवं लागतं.

मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं तेव्हा तर परीक्षणाचाच पेच झाला. कार्ड चालवायला लागणारा ड्रायव्हर बहुतेक समीक्षकांना विक्रीच्या दिवसाआधी मिळालाच नाही. आणि कार्ड विक्रीला आलं तेव्हा ते बहुतेक सगळे कॉम्प्युटेक्सच्या प्रदर्शनासाठी तैपेईत होते. पेपर वर्गात वाटला आणि मास्तर सहलीला.

सगळं वाचून झाल्यावर मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पोचतात. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. ते कुणी विचारलं तर दुकानदार पत्ता सांगत नाही, आधी तुमच्याकडे बघतो.

"कोणता गेम खेळणार?"

"सगळेच."

"मग हे घ्या. सगळे चालतात."

"इंडियाना जोन्स?"

"चालणार ना. का नाही चालणार?"

डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग असल्याशिवाय सुरूच होत नाही. कमीत कमी आरटीएक्स २०६० सुपर लागतं. जीटीएक्स कार्डांत ही सोयच नाही, त्यामुळे काउंटरवर पुढे सरकवलेलं कार्ड जीटीएक्स असेल तर खोक्यावरच्या योद्ध्याला काही करता येणार नाही.

नवं परवडत नाही म्हटलं की जुन्या कार्डांचा बाजार खुणावतो. २०२१ मध्ये ईथरियम या आभासी चलनाच्या मायनिंगनं कार्डं इतकी दुर्मीळ केली की काही दुकानांत कार्ड हवं तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) गळ्यात बांधून घ्यावा लागे. त्याला 'कॉम्बो' हे गोंडस नाव होतं. एनव्हिडियानं मायनिंगवाल्यांना अडवण्यासाठी ३०६० ला लगाम घातला, आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्याच एका ड्रायव्हरमधून तो चुकून सोडून दिला. १५ सप्टेंबर २०२२ ला ईथरियमनं मायनिंगची पद्धतच बंद केली आणि खाणीतून निवृत्त झालेली कार्डं 'घरगुती वापर, फक्त फिफा खेळलोय' अशा ओळखपत्रांनिशी बाजारात आली. सगळीच टाकाऊ नसतात. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली की कित्येक चांगली चालतात. पण याच गर्दीत पी१०६-१०० नावाचं कार्डही असतं. आत १०६० चीच चिप, किंमत पाडलेली, आणि मॉनिटर जोडायला एकही सॉकेट नाही. ते खाणीसाठीच जन्मलं होतं, तिथे चित्र बघायला कोण बसणार!

त्याहून वाईट म्हणजे तोतया कार्डं. २०१०-११ च्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचं बायोस बदलून ती १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही फसतं. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर मात्र अशी बरीच तोतया कार्डं ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं छापून दाखवतं. आणखी सोपी खूण आहे: खऱ्या १०५० टीआयची चिप जुन्या निळ्या व्हीजीए केबलला चित्र देतच नाही. '१०५० टीआय' म्हणवणाऱ्या कार्डाला निळं सॉकेट दिसलं की नमस्कार करून निघावं.

कार्ड घरी आल्यावर एसएमपीएसची आठवण होते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' लिहिलेलं असतं, ते बरेचदा इच्छापत्रासारखं वाचायचं असतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात. त्याच्या आत भागवणारी १०५० टीआय, १६५० आणि ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ऑफिसांतून निघालेल्या जुन्या संगणकांतही वेगळ्या वायरीशिवाय चालतात, आणि म्हणून त्यांना अजून गिऱ्हाईक आहे. ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०६० ला १४५. तिथे वेगळी वायर आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस हवा, म्हणजे आणखी चार-पाच हजार. हे पैसे 'बजेट' मध्ये कधीच धरलेले नसतात.

तर निकाल. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकपुरतंच खेळायचं असेल तर नवं कार्ड घेऊ नये. प्रोसेसरमधली सोय बघावी किंवा वापरलेलं, तपासलेलं जीटीएक्स १६६० सुपर घ्यावं. संगणक चार-पाच वर्षं जुना असेल आणि मोठे गेम्स खेळायचे असतील, तर आरएक्स ६६०० हे अजूनही शहाणपणाचं कार्ड आहे: ८ जीबी, १३२ वॅट, आणि जुन्या प्रोसेसरशी भांडत नाही. प्रोसेसर नवा असेल तर बी५८०. तिशीच्या पुढे जायची तयारी असेल तर ८ जीबीच्या नव्या कार्डाला हात लावू नये. ९०६० एक्सटी घ्यायचं तर १६ जीबीचंच. ते पन्नास डॉलर करासकट पाच हजारांच्या आसपास होतात, आणि आजीकडे मागायचेच असतील तर त्या पाच हजारांसाठी मागावेत.

आणि बिल पक्कं घ्यावं. 'बिलाशिवाय हजार कमी' हा सौदा पहिल्या दिवशी गोड वाटतो. पण कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि पंखा दुसऱ्या वर्षी बंद पडला तर सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवरचा माणूस कार्डाआधी बिल मागतो.